टाचेवरची साखर

नवजात बाळाच्या टाचेला सुई टोचणं हे माझं रोजचं काम आहे, आणि हे कुणाला सांगितलं की समोरचा माणूस चहाचा कप खाली ठेवून माझ्याकडे बघत राहतो. माझ्या सासूबाई अजूनही संध्याकाळी मी घरात पाय ठेवला की विचारतात, "आज किती पोरांना रडवलंस?" मी म्हणते, "सात." त्या देवाला नमस्कार करतात आणि मग मला जेवायला वाढतात.

एकोणीस वर्षं झाली. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये आमचं छोटंसं इस्पितळ आहे. तळमजल्यावर जीन्स शिवणाऱ्यांचे गाळे आणि कोपऱ्यात आमची ओपीडी, पहिल्या मजल्यावर नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग, दुसऱ्यावर बाळंतिणी. खालच्या मशिनींची घरघर दिवसभर चालू असते आणि आमच्या बाळांना तिच्यात छान झोप लागते. मशिनी बंद पडल्या की ती जागी होतात. अंबरनाथ पूर्वेहून निघून विठ्ठलवाडीला उतरायचं, तिथून चालत यायचं आणि आठच्या आत गाऊन चढवायचा, हा माझा नेम. मी स्वभावाने तापट आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

टोचायचीही एक रीत असते. आधी कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने टाच पुसायची, म्हणजे ती स्वच्छ होते आणि उबही लागते. मग स्पिरिटचा बोळा फिरवायचा. ते वाळू द्यायचं. टाचेच्या कडेला टोचायचं, मधोमध कधीच नाही. रक्ताचा पहिला थेंब पुसून टाकायचा आणि दुसरा मशिनीच्या पट्टीवर घ्यायचा. पाच सेकंदांत साखरेचा आकडा येतो. हे सगळं मी नव्या मुलींना इतक्यांदा ऐकवलं आहे की पँट्रीत त्या माझी नक्कल करतात. हात कमरेवर ठेवून. मला माहीत आहे.

तर एकदा आमच्याकडे एक मुलगी दाखल झाली, तासाभरापूर्वी जन्मलेली. वजन पावणेचार किलोच्या वर, गाल असे की डोळे दिसेनात, मनगटावर वळ्या. आमच्या विभागात तेव्हा सव्वा किलो, दीड किलो अशी मंडळी होती. त्यांच्यामध्ये ही बया हातपाय पसरून पडली होती. काचेतून बघणारे नातेवाईक एकमेकांना विचारायचे, हिला इथे कशाला ठेवलंय? एका काकूंनी तर मला बाजूला घेऊन सांगितलं की इस्पितळवाले बिल वाढवायला धडधाकट पोरंही आत ठेवतात. मी त्यांना पाणी प्यायला दिलं आणि बसायला सांगितलं.

हिच्या आईला गरोदरपणात मधुमेह झाला होता. अशा आईच्या रक्तातली जास्तीची साखर पोटातल्या बाळाकडे जाते आणि बाळाचं शरीर ती पचवायला जास्तीचं इन्सुलिन बनवायला लागतं. नाळ कापली की साखर यायची बंद होते, पण इन्सुलिन बनणं लगेच थांबत नाही. पंगत संपली, पातेली घासायला गेली, तरी काही पाहुणे पानावरून उठत नाहीत, तसा प्रकार. मग बाळाची साखर झरझर उतरते. पंचेचाळीसच्या खाली गेली की आम्ही धावतो, कारण बराच वेळ कमी राहिली तर मेंदूला इजा होऊ शकते. हिची आली तेव्हा सव्वीस होती. गुबगुबीत बाळ म्हणजे सुदृढ बाळ, ही आपल्या लोकांची समजूत किती चुकीची आहे, ते तिने पहिल्याच तासात दाखवून दिलं.

ग्लुकोजचं सलाईन सुरू झालं. ते हळूहळू कमी करत न्यायचं, आणि सलाईन बंद केल्यावर दुधाआधीच्या लागोपाठ तीन तपासण्या चांगल्या आल्या की बाळ वरच्या मजल्यावर आईच्या कुशीत. आईने तिला अजून हातातही घेतलं नव्हतं. सिझेरियन झालं होतं, टाके दुखत होते, आणि ती वर पडून सारखी निरोप पाठवत होती. निरोप आणणारा एकच माणूस होता, तिचा बाप.

तो बदलापूरजवळच्या एका गावातला आगरी म्हातारा. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, ही एकुलती एक लेक, तिचं पहिलं बाळंतपण माहेरी. जावई कंपनीतली पाळी संपवून संध्याकाळी यायचा, बाकी दिवसभर काचेबाहेरच्या बाकावर हा. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, आणि मिशी. त्या मिशीबद्दल काय सांगू! दोन्ही बाजूंनी वर वळवलेली, जाड, पांढरीशुभ्र. बोलताना ओठ दिसायचेच नाहीत. मी दार उघडलं की उठून उभा राहायचा आणि विचारायचा, "बाय, कवरी?" म्हणजे साखर किती. मी आकडा सांगितला की तो जिना चढून लेकीला सांगून यायचा आणि पुन्हा बाकावर बसायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकडे वर आले. चोपन्न, मग सत्तावन्न. तो सत्तावन्न ऐकून जो गेला तो अर्ध्या तासाने जिलेब्यांचे दोन खोके घेऊन आला. मुलगी झाली होती, म्हणजे जिलेबी वाटायचीच. कालच वाटायची होती, पण काल कुणाचं मन नव्हतं. त्याने वॉचमनला दिली, लॅबवाल्याला दिली, खालच्या शिलाईवाल्यांना दिली, बिल वाढवण्याचा शोध लावणाऱ्या त्या काकूंनाही दिली. आम्हालाही पँट्रीत एक खोका आला. मी दोन खाल्ल्या. अगदी ताज्या, वेलचीचा वास, पाक हातावर ओघळत होता. सगळ्यांचं वाटून झाल्यावर तळाशी राहिलेल्या चार त्याने स्वतः बाकावर बसून खाल्ल्या. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, आणि तरीही माझ्या डोक्यात काही आलं नाही.

मग तो दाराशी आला. "बाय, येकदा जवलशी बगू दे. काचंतून नाक पन दिसत नाय तिचा."

आजी-आजोबांना आत सोडायचा नियम नाही. पण कालपासून तो माणूस एका शब्दाने तक्रार न करता बसला होता, आणि माझ्या पोटात दोन जिलेब्या होत्या. मी म्हटलं, "पाच मिनिटं. हात धुवा. नुसते ओले नाही करायचे, साबण लावून कोपरापर्यंत."

त्याने हात असे धुतले की एखाद्या सर्जनने शिकावं. कोपरापर्यंत, नखांच्या कडा, बोटांच्या बेचक्या. मी गाऊन दिला, मास्क दिला. मास्कच्या दोन्ही बाजूंनी मिशी बाहेर आली होती. हात लावायचा नाही, नुसतं बघायचं, असं मी बजावलं. त्याने दोन्ही हात पाठीमागे बांधले.

तेवढ्यात बदलापूरहून रुग्णवाहिकेतून एक बाळ आलं, श्वास लागलेलं, आणि आमची सगळ्यांची तारांबळ उडाली. मी पाठ फिरवली. म्हातारा पाच मिनिटं झाल्यावर न सांगता बाहेर निघून गेला, इतका शहाणा माणूस.

नवीन बाळ श्वासाच्या मशिनीवर लागून स्थिर होईपर्यंत दोन वाजत आले. दोनची साखर बघायची होती. कोमट पाण्याचं भांडं रिकामं होतं, आणून देणाऱ्या मावशी त्या नव्या बाळाच्या सामानामागे गेल्या होत्या. मी म्हटलं, एका वेळेला काय होतंय! स्पिरिटचा बोळा टाचेवरून फिरवला, वाळू दिलं, टोचलं. पहिला थेंब पुसला, दुसरा घेतला. आकडा आला एकशे अडुसष्ट.

मला केवढा आनंद झाला! डॉक्टर खाली ओपीडीत होत्या. फोन केला. सलाईन चालू असताना साखर इतकी चढली तर सलाईन कमीच करायचं असतं. त्या म्हणाल्या, "ठीक है सिस्टर, पंप थोडा कम करो, एक घंटे में फिर देखो." मी सलाईनच्या पंपाचा वेग उतरवला, कागदावर लिहिलं, दार उघडून म्हाताऱ्याला आकडा सांगितला. तो जिन्याकडे धावला. या वयात दोन-दोन पायऱ्या.

मग मी दूध पाजायला घेतलं. सकाळी वाटी ओठांना लागायच्या आत तोंड उघडणारी ही पोरगी आता जीभच हलवेना. दूध ओठांच्या कडेने खाली आलं. मी तिचा हात हातात घेतला तर बोटं थरथरत होती. मी धरून ठेवला तरी थरथर थांबेना. एकशे अडुसष्ट साखर असलेलं बाळ असं वागत नाही. मशीन म्हणतेय सगळं छान आहे आणि बाळ म्हणतंय काहीतरी बिनसलंय. अशा वेळी बाळाचं ऐकायचं असतं.

माझी नजर ट्रेकडे गेली. मघाचा स्पिरिटचा बोळा तिथेच होता. त्याला केशरी रंग लागला होता.

रक्ताचा रंग मला कळतो. हा रक्ताचा नव्हता. मी वाकून त्या टाचेचा वास घेतला. वेलची!

दुसरा पाय घेतला. बाटलीतलं पाणी कापसावर ओतून नीट पुसला, मग स्पिरिट, मग टोचलं. चौतीस. पहिली टाच धुऊन पुन्हा बघितली. पस्तीस. लॅबसाठी रक्त काढलं, डॉक्टरांना हाक मारली, पंपाचा वेग आधी होता तिथे नेऊन ठेवला. डॉक्टर धावत वर आल्या. ग्लुकोजचा डोस शिरेतून हळूहळू दिला. आठ मिली. ते आठ मिली आत जाईपर्यंत मी तिचा हात धरून होते. अर्ध्या तासाने एकसष्ट आली, थरथर गेली, आणि बाईसाहेबांनी भूक लागली म्हणून बोंब ठोकली. एवढं गोड रडणं मी क्वचित ऐकलंय.

पण मला राग आला होता. मी तशीच बाहेर गेले. म्हातारा बाकावर बसला होता, आणि त्याच्या मिशीच्या डाव्या टोकाला पाक वाळून चकचकत होता.

"तुम्ही तिच्या पायाला तोंड लावलंत?"

तो उठून उभा राहिला. "नात हाय बाय. लक्षुमी हाय. हात लावायचा नाय म्हनून तू सांगितला. मी हात नाय लावला. मास्क खाली केला न पायाची पापी घेतली नुसती."

मग मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. आवाज खालच्या मशिनींच्या वर गेला होता. बाकावरचे सगळे बघत होते. जिलेबीचा पाक तिच्या टाचेला लागला, मशिनीने तो मोजला, तिची खरी साखर उतरली होती आणि आम्ही सलाईन कमी केलं, तिला काही झालं असतं तर? असं सगळं. शेवटी तो इतकंच म्हणाला, "मी हात धुतले होते बाय." मग टोपी काढली, पुन्हा घातली, आणि जिना उतरून गेला.

डॉक्टरांना मी सगळं खरं सांगितलं. पाण्याने पुसायचं मीच गाळलं होतं. नुसत्या स्पिरिटने पाक निघत नाही हे मला माहीत होतं, दुसऱ्यांना मीच शिकवते. त्या स्वतः कॅम्पातल्याच, सिंधी, कमी बोलणाऱ्या. त्यांनी चष्मा पुसला. म्हणाल्या, "सिस्टर, मशीन को जो दिया वो उसने गिन लिया. आपने बच्चे को देखा, टाइम पे देखा. मैं लिख देती हूँ क्या हुआ. लेकिन बाहर वो जो साईं बैठते हैं ना, उनको भी बता देना." साईं म्हणजे तो म्हातारा. मी हो म्हटलं. आणि संध्याकाळी घरी निघून गेले. सासूबाईंनी किती पोरांना रडवलंस विचारलं, तेव्हा मी एक म्हातारा मोजला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाकावर एक अनोळखी माणूस बसला होता. मी दारातून आत गेले आणि पुन्हा बाहेर आले. तोच होता. मिशी नव्हती. वरचा ओठ लहान मुलासारखा, उरलेल्या चेहऱ्यापेक्षा गोरा.

त्याने मला साखर किती ते विचारलं नाही. मी सांगितलं तेव्हा मान हलवली आणि वर गेला. बाकी हकिकत मला त्याच्या लेकीकडून कळली. आदल्या संध्याकाळी गावात जाऊन त्याने मिशी उतरवली होती. त्यांच्याकडे बाप गेला की मिशी काढतात, एरवी नाही. याने स्वतःच्या बापाच्या वेळी काढली होती, त्यानंतर वस्तरा लागला नव्हता. त्याला तशा तोंडाने बघून आळीतले लोक दारात येऊन विचारायला लागले, कोण गेलं? तो म्हणाला होता, "गेला कोन नाय. आलीय." आणि दार लावून घेतलं होतं.

हे ऐकून मला हसू आलं आणि मग रडू आलं, मग पुन्हा हसू. आमच्या नव्या मुलींनी तोवर दारावर पाटी लावून टाकली होती: हात, तोंड आणि मिशी धुऊनच आत यावे. डॉक्टरांनी ती वाचली आणि राहू द्या म्हणाल्या. मला मात्र त्या पाटीखालून जाताना दर वेळी मान खाली घालावी लागत होती. मी म्हाताऱ्याला सांगायचं म्हणून दोनदा दार उघडलं. दोन्ही वेळा बाकावर चारपाच माणसं होती, त्या दिवशीचीच, माझा आवाज ऐकलेली. मी उगीचच कुणाचं तरी औषध आणायला सांगून दार लावलं. दुसऱ्यावर चारचौघांत ओरडायला मला क्षणही लागला नव्हता.

मुलगी सावरत गेली. सलाईन थोडं थोडं उतरवलं आणि चौथ्या दिवशी सकाळी बंद झालं. आता तीन तपासण्या. आई टाके सांभाळत, भिंतीला धरून खाली यायला लागली होती. पोटुशी असताना तिने स्वतःची बोटं दिवसातून चारदा टोचली होती, त्यामुळे मशीन तिच्या ओळखीची. पट्टी कशी धरायची हे मला तिला सांगावं लागलं नाही. पहिली तपासणी चोपन्न. दुसरी अठ्ठावन्न. बाळाचं पोट भरत होतं आणि साखर स्वतःच्या जिवावर टिकत होती.

तिसरी दुपारी घेतली. मुलगी आईच्या मांडीवर होती, अंगाला अंग लावून. मी कोमट पाण्याने टाच पुसली. एकदा नाही, तीनदा. स्पिरिट लावलं. टोचलं. पोरीने नाक मुरडलं आणि पुन्हा आईच्या कुशीत तोंड खुपसलं. चौसष्ट.

"झालं," मी म्हटलं. "आता टोचणं नाही. घेऊन जा वर."

आई हसता हसता रडायला लागली. मग दाराकडे बघून म्हणाली, "बाबांना बोलवा ना."

मी दार उघडलं. तो बाकावर होता, आणि बाकी बाकही भरलेला. मी बोलावलं तर उठला, नळाशी गेला, हात धुतले, तोंड धुतलं, हनुवटीवरून पाणी गळत असताना दारापर्यंत आला आणि तिथेच थांबला. हात पाठीमागे.

"लांबूनच बगतो. घेऊन जा तुमी तिला."

"बाबा, अहो या ना," लेक आतून म्हणाली.

"नको ग. माज्यान काय व्हायला नको."

दोन दिवस हा माणूस स्वतःच्या नातीला घाबरून बसला होता, आणि ती भीती मी त्याच्या गळ्यात घातली होती. मी आत गेले, मुलीला दुपट्यात गुंडाळलं, उचललं आणि बाहेर त्याच्यासमोर येऊन उभी राहिले. बाकावरचे सगळे बघत होते. बघू देत, म्हटलं.

"बाबा, परवा चूक माझी होती. टाच पाण्याने पुसायची असते, मी पुसली नव्हती. पुसली असती तर तुमच्या पापीने काहीही झालं नसतं. मी तुमच्यावर ओरडले आणि हे सांगितलं नाही. आता सगळ्यांसमोर सांगते."

आता त्याचे ओठ दिसत होते, त्यामुळे ते थरथरलेलेही दिसले. मग म्हणाला, "मंजे मिशी फुकट गेली माजी?"

बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. मी मुलगी पुढे केली. त्याने पाठीमागचे हात सोडवले आणि तिला घेतलं. इतक्या जपून की त्याचे खांदे कानांपर्यंत वर गेले. तिने एक डोळा उघडला, त्याच्याकडे बघितलं आणि मिटला.

"र्‍हाऊ दे बाय," तो म्हणाला. "हिना मना बगितला तो असाच. आता मिशी वाडवली त घाबरंल ती."

दुपट्यातून तिचा एक पाय बाहेर आला होता, टाचेवर सुयांचे बारीक ठिपके. पापी घ्यायच्या आधी त्याने मला विचारलं नाही. मीही पाण्याचा कापूस आणायला गेले नाही.